मतदारसंघ, चार जिने आणि एक अर्ज

विषय : इमारत क्रमांक पाचमधील गटांची फेररचना करणेबाबत.
संदर्भ : श्री. दिगंबर हसबनीस, निवृत्त अव्वल कारकून, मूळ राहणार सांगली, सध्या मुक्काम एदोगावा, तोक्यो, यांचा दिनांक १४ फेब्रुवारीचा अर्ज.
सहपत्र : एक (नकाशा).

उपरोक्त सहपत्र म्हणजे मीच. मी नकाशा बोलतोय. सहपत्राने स्वतःहून तोंड उघडायचं नसतं, मुकाट्याने अर्जाच्या मागे मागे फिरायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण या प्रकरणात अर्जदार बोलून बोलून थकले, अर्ज घेणारे मुळातच कमी बोलतात, आणि सुरुवातीपासून सगळं पाहिलेला माझ्यावाचून दुसरा कोणी नाही.

माझा जन्म एदोगावातल्या एका कोंबिनीत झाला. या मुलखात कोपऱ्याकोपऱ्यावर जे अहोरात्र उघडं दुकान असतं त्याला कोंबिनी म्हणतात. तिथे भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, मोजे मिळतात आणि कागदही छापून मिळतात. जानेवारीतल्या एका दुपारी कस्तुरी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने यंत्राची बटणं दाबली आणि मी ऊन ऊन बाहेर आलो. मोठ्या आकाराचा, सहा रंगांच्या रेघांचा. रांगेत मागे उभे असलेले गृहस्थ माझ्याकडे टक लावून पाहत होते. त्यांना मी बहुधा कोळंबी वाटलो. पुढेही बहुतेकांना तसाच वाटत आलो.

मी अमेरिकेतल्या एका मतदारसंघाचा नकाशा आहे. राज्याचं नाव सांगत नाही. प्रकरण चालू असताना तिसऱ्या पक्षाचा नावानिशी उल्लेख टाळावा, असा संकेत आहे. कस्तुरी शेजारच्या कोतो भागातल्या एका भारतीय शाळेत जाते. तिथे नागरिकशास्त्राच्या बाईंनी प्रकल्पासाठी चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला नागोयाची महापालिका आली, कोणाला पुण्याची. कस्तुरीला आला 'अमेरिकेतील एका मतदारसंघाच्या प्रतिनिधित्वाचा इतिहास'. तिने डोळे मिटून यादीवर बोट टेकवलं आणि मी ठरलो. राजकारणात याहून वाईट रीतीने पुष्कळ गोष्टी ठरतात.

त्याच महिन्यात तिचे आजोबा, म्हणजे आमचे अर्जदार आबा, तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आले होते. सांगलीच्या तहसील कार्यालयात, निवडणूक शाखेत, त्यांची एकतीस वर्षं गेली. मुलगा नचिकेत सकाळच्या गाडीने कामावर जाई तो अंधार पडल्यावर परते. सून तन्वी एका कंपनीत अर्धवेळ भाषांतरं करते. त्यामुळे आबांना दिवसभर काही काम नसे. कचऱ्याचं वर्गीकरण तेवढं त्यांनी आनंदाने अंगावर घेतलं. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा. आमच्या कार्यालयात आवक-जावक कधी इतकी नीट चालली नव्हती, असं ते तन्वीला रोज सांगत.

कस्तुरीने माझ्या मधोमध सध्याच्या प्रतिनिधीचा हसरा फोटो चिकटवला आणि प्रकल्प संपला असं जाहीर केलं. आबांनी चष्मा लावला.

"हा कोण?"

"आत्ताचा."

"आणि याच्या आधीचे?"

"ते सगळे इंटरनेटवर आहेत ना, आबा."

"मग इंटरनेटला मार्क मिळू देत. तू काय केलंस?"

त्यानंतर दहा दिवस आजोबा आणि नात माझ्यावर ओणवे होते. माझ्या समासात एकोणीस प्रतिनिधींची नावं, कालावधी आणि शेरा, असे रकाने पडले. पहिला वकील होता. दुसरा त्याचा भागीदार. तिसरा या दोघांवर खटला भरून प्रसिद्धीस आलेला. चौथा चौतीस वर्षं टिकला. शेवटच्या निवडणुकीत तो उभा होता असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात त्याला दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. तो गेल्यावर उरलेल्या मुदतीपुरती त्याची बायको निवडून आली. नवऱ्याने चौतीस वर्षं कबूल केलेला पूल तिने पाच महिन्यांत मंजूर करून घेतला आणि ती घरी परतली. तिच्या शेऱ्याच्या रकान्यात आबांनी लाल शाईने 'उत्तम' लिहिलं. तसा शेरा दुसऱ्या कोणाला मिळाला नाही.

माझे सहा रंग म्हणजे माझी सहा वेगवेगळी रूपं. अमेरिकेत दर दहा वर्षांनी शिरगणती होते आणि मग मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात. लोक आपले प्रतिनिधी निवडतात असं पुस्तकात असतं. सीमा आखणाऱ्यांच्या हातात पेन्सिल आली की प्रतिनिधी आपले लोक निवडतात. माझ्यातून एक नदी जाते. नदीपलीकडे बाहेरगावाहून आलेल्या गिरणी-कामगारांची एकच दाट वस्ती होती. तिचे तीन तुकडे करून तीन मतदारसंघांना जोडले होते. पन्नास वर्षं त्या वस्तीत मतं होती, मतपेट्या होत्या, भाषणं होती, पण त्यांच्यातला माणूस कधी निवडून आला नाही. शेवटी कोर्टाने तुकडे जोडायला लावले आणि पुढच्याच खेपेला वस्तीतल्या बसचालकाची मुलगी निवडून आली.

"हे कोणी मुद्दाम केलं होतं का?" कस्तुरीने विचारलं.

"रेघ मारणाऱ्याला विचारलंस तर तो म्हणेल, पट्टी तिरकी होती," आबा म्हणाले.

प्रकल्प पार पडला. बाईंनी चांगला शेरा दिला. त्यानंतर माझं जे व्हायचं तेच झालं. जुन्या वर्तमानपत्रांबरोबर सुतळीत बांधून मला गुरुवारच्या कागदी कचऱ्यात ठेवण्यात आलं. इतिहासाची रवानगी इथे निदान ठरल्या वारी होते. पण बुधवारी संध्याकाळी आबांनी गठ्ठा सोडला आणि मला बाहेर काढलं. त्यांना पाठकोरा कागद हवा होता.

कारण त्याच दिवशी इमारतीच्या फलकावर एक सूचना लागली होती.

तन्वी गेली चार वर्षं रविवारी सकाळी दहा ते बारा खालच्या सभागृहात मुलांना मराठी शिकवते. अकरा मुलं येतात. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देतात; पण येतात. सूचना अशी होती की एप्रिलपासून ज्या उपक्रमाची शिफारस एखादा गट-प्रतिनिधी करील त्यालाच सभागृह मिळेल. रविवारची तीच वेळ हवाई बेटांवरचा हुला नाच शिकणाऱ्या ज्येष्ठ महिलांनी मागितली होती, आणि दुसऱ्या जिन्याच्या प्रतिनिधीणबाई स्वतः त्यात नाचत होत्या. तन्वी चारही प्रतिनिधींकडे जाऊन आली. चौघांनी हसून, वाकून, "मुझुकाशी देसु ने" म्हटलं.

"म्हणजे काय?" आबांनी विचारलं.

"'जरा अवघड आहे.' म्हणजे नाही."

"आमच्याकडे 'बघतो' म्हणत. मग आपला प्रतिनिधी का नाही?"

"पाळी असते, बाबा. आमची अजून आली नाही."

आता इमारत समजावून सांगतो. पाच मजले, चार जिने, लिफ्ट नाही. एकेका जिन्यात दहा घरं, आणि एक जिना म्हणजे एक गट. प्रतिनिधी निवडून येत नाही, वर्षाला एका घराची पाळी. नवीन कुटुंब आलं की रांगेच्या शेवटी. म्हणजे पाळी यायला दहा वर्षं. मराठी कुटुंबं कंत्राटावर येतात, तीन वर्षांत नाहीतर पाचांत परत जातात, आणि त्यांच्या घरी आलेलं नवं कुटुंब पुन्हा शेवटी जाऊन उभं राहतं. चार जिन्यांत मिळून मराठी घरं नऊ. वीस वर्षांत त्यांच्यापैकी एकाचीही पाळी आलेली नाही. कोणी कट केला नव्हता. सगळं नियमानुसार चाललं होतं.

आबांनी मला उताणा केला, माझ्या रेघा पाहिल्या, पुन्हा पालथा केला आणि माझ्या पाठीवर इमारतीची चाळीस घरं आखली. नऊ मराठी घरांना लाल रंग. मग एकच गट करण्यासाठी त्यांच्याभोवती जी रेघ फिरली ती पहिल्या जिन्यातून उतरून दुसऱ्यात चढली, तिसऱ्यात वळली आणि चौथ्यात जाऊन थांबली. घरं दहा भरायला हवीत म्हणून तिसऱ्या जिन्यातलं पाचव्या मजल्यावरचं रिकामं घरही आत घेतलं. रिकाम्या घराला पाळी नसते आणि मत तर नसतंच. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सीमा कागदावर पक्क्या करणाऱ्या माणसाला स्वतःची रेघ मारायला पहिल्यांदाच मिळाली होती. त्यांचा हात हलका चालत होता.

"बाबा, ही चकली आहे," तन्वी म्हणाली.

"अमेरिकेत असली चकली शंभर वर्षं चालली आहे."

"इथे असं कोणी करत नाही. लोक पाळी टळावी म्हणून प्रार्थना करतात."

ते खरं आहे. माझ्या प्रतिनिधींना खुर्ची सोडवत नसे. इथला प्रतिनिधी मार्च संपताना इतका खूश असतो की शेजाऱ्यांना मिठाई वाटतो. पण आबांना ते पटेना. एखाद्याला पद नको असतं, असं त्यांच्या नोकरीत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

अर्ज तीन प्रतींत तयार झाला. तन्वीने जपानीत केला, आबांनी मराठी प्रत जोडली, मला सहपत्र केलं. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष मात्सुनागा-सान शहात्तर वर्षांचे होते. तेही निवृत्त, तेही कचेरीतले. त्यांनी विषय वाचला, संदर्भ वाचला, सहपत्र मोजलं आणि तिन्ही प्रती एकसारख्या आहेत का ते पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आबांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलं होतं. समाधान.

"सहीबरोबर नावाचा शिक्का लागतो, बाबा," तन्वी म्हणाली.

"शिक्का साहेबांचा असे. मी तो फक्त जपत असे."

मात्सुनागा-साननी लाल शाईची पेटी पुढे सरकवली आणि स्वतःचा अंगठा वर करून दाखवला.

आबांनी आपला अंगठा पाहिला. सांगली जिल्ह्यातल्या हजारो माणसांचा अंगठा त्यांनी हाताने धरून कागदावर टेकवला होता. 'घट्ट दाबा, मावशी' हे वाक्य त्यांनी किती वेळा उच्चारलं असेल कोण जाणे. त्यांनी अंगठा दिला. मात्सुनागा-साननी हलकेच तो थोडा आणखी दाबला.

मग अध्यक्षांनी एकच शंका काढली. इथे घरोघर एक फोल्डर फिरतो, काइरानबान. त्यात सूचना असतात. वाचायच्या, सही करायची आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचा. एका गटातून तो दारोदार सरकतो. या चकलीतून तो कसा सरकणार? एका जिन्यातून दुसऱ्यात जायला तर खाली उतरून पुन्हा चढावं लागतं.

"मी स्वतः नेऊन दाखवतो," आबा म्हणाले. "दहाही घरी."

शनिवारी दुपारी आबा फोल्डर घेऊन निघाले. मी त्याच्या आत होतो. दुभाषी म्हणून कस्तुरी, हातात घड्याळ.

पहिल्या जिन्यात पाचव्या मजल्यावर शैलेंद्रने कानावरचा हेडफोन अर्धा बाजूला केला. "काका, मीटिंग चालू आहे. कुठे सही करू? वाचत नाही, तुमच्यावर विश्वास आहे." चौथ्या जिन्यातल्या रेखाने मात्र वाचलं. "काका, मला नका यात घालू. माझ्या जिन्यातल्या बायकांना मी लोणचं देते, त्या मला मुळा देतात. गट बदलला की मुळा बंद." आबांनी शेऱ्यात लिहिलं, 'सदर रहिवासी तत्त्वतः अनुकूल.'

तिसरा जिना शेवटी ठेवला होता. रिकामं घर पाचव्या मजल्यावर. रिकाम्या घराला कशाला जायचं, असं कस्तुरीचं म्हणणं. अध्यक्षांना दहा सांगितली म्हणजे दहा, असं आबांचं. वर पोहोचेपर्यंत चढउताराच्या पायऱ्या चारशेच्या वर गेल्या होत्या आणि आबा प्रत्येक मजल्यावर देखावा पाहण्याच्या निमित्ताने थांबत होते.

त्यांची चाहूल लागून समोरचं दार उघडलं. ओगावा-सान. ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. समोरचं घर रिकामं झाल्यापासून त्यांच्या मजल्यावर दुसरं कोणी नाही. त्यांनी फोल्डर पाहिला आणि घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

आबांनी तो छातीशी धरला. "कस्तू, सांग त्यांना, हा त्यांचा नाही."

कस्तुरीने ते सांगितलं नाही. तिने मला बाहेर काढलं, पालथा केला आणि ओगावा-सानचं घर शोधलं. ते सापडलं हिरव्या रेघेत, पहिल्या जिन्याच्या गटात. मराठी घरं आणि ते रिकामं घर बाजूला काढल्यावर तिसऱ्या जिन्यात सात घरं उरत होती. आकडे जुळावेत म्हणून आबांनी दोन पहिल्या जिन्याला जोडली होती, तीन दुसऱ्याला आणि दोन चौथ्याला.

दोघी जपानीत थोडा वेळ बोलल्या.

"काय म्हणतात?"

"विचारतात, मग माझ्याकडे कोण घेऊन येणार? मी सांगितलं, पहिल्या जिन्यातले लोक. त्या म्हणाल्या, तिथे मी कोणाला ओळखत नाही. आणि म्हणाल्या की फोल्डर आला की दार वाजतं. एरवी वाजत नाही."

आबांनी फोल्डर छातीपासून खाली घेतला.

"आबा," कस्तुरी म्हणाली, "पट्टी तिरकी होती का?"

आबा पायरीवर बसले. गुडघे दुखत होते हे खरं. पण नुसते गुडघे दुखले की माणूस इतका खाली बघत नाही. ओगावा-साननी आतून उशी आणली, चहा आणला आणि त्याही दारातच गुडघे मुडपून बसल्या. मग कळलं ते असं. येत्या एप्रिलची तिसऱ्या जिन्याची पाळी खरं म्हणजे त्यांची. पण ऐंशीच्या वर वय असल्यामुळे मंडळाने त्यांना सूट दिली होती आणि पाळी चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांवर ढकलली होती. ते आठवडाभर ओसाकाला असतात. सूट मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा ओगावा-सानना वाईट वाटलं होतं. मागे प्रतिनिधी होत्या तेव्हा प्रत्येक घराला त्यांच्यासाठी दार उघडावं लागत असे.

"विचार त्यांना," आबा म्हणाले, "सूट मिळालेली पाळी त्या दुसऱ्याला देतील का? याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर तन्वी हसबनीस राहतात."

ओगावा-साननी विचारलं, त्या मराठी शिकवतात त्याच का? रविवारी खालून मुलांचा पाढे म्हणण्याचा आवाज येतो, त्याच? मग देईन. आणि आपल्या नावाचा शिक्का आणायला त्या आत गेल्या.

कारकून चूक कबूल करत नाही, शुद्धिपत्र काढतो. सोमवारी ते निघालं. 'मूळ अर्जातील फेररचनेची मागणी वगळण्यात यावी. त्याऐवजी तिसऱ्या जिन्याच्या सूट मिळालेल्या पाळीवर सौ. तन्वी हसबनीस यांस नेमण्यात यावे. सहपत्र एक मात्र कायम ठेवावे.' मला का कायम ठेवलं, हे तन्वीने विचारलं. आबा म्हणाले, फायलीत नकाशा असला की फाईल लवकर फेकत नाहीत.

मात्सुनागा-साननी नियमावली काढली. पुढून वाचली, मागून वाचली. पाळी पुढे ढकलता येते, सोडता येते. सोडलेली पाळी कोणाला बहाल करता येते का, याबद्दल त्यात काही नव्हतं. पूर्वदाखला नाही. तसा ठराव कार्यकारिणीला करावा लागेल. कार्यकारिणी तीन महिन्यांतून एकदा बसते. प्रत्येक बैठकीचा विषय ठरलेला : एप्रिलमध्ये ज्येष्ठांची सहल, जुलैमध्ये उन्हाळी नाच, ऑक्टोबरमध्ये क्रीडादिन.

तन्वीचा आवाज बारीक झाला. "म्हणजे वर्ग गेला, बाबा. एप्रिल तर आलाच."

मात्सुनागा-सान अजून बोलत होते. तन्वी ऐकता ऐकता थांबली, मग तिने सावकाश भाषांतर केलं. "ते म्हणतात, ज्या अर्जाचा सभागृहाच्या वापराशी संबंध आहे, तो विचाराधीन असेपर्यंत आहे ती वेळ बदलता येत नाही. निकाल लागेपर्यंत वर्ग चालू ठेवावा लागेल. नियम आहे."

आबांनी मात्सुनागा-सानकडे पाहिलं. मात्सुनागा-सान नियमावलीकडे पाहत होते.

"विचार त्यांना," आबा म्हणाले, "त्यांच्या नोकरीत एखादा अर्ज जास्तीत जास्त किती दिवस विचाराधीन राहिला होता?"

"अकरा वर्षं, म्हणतात."

"सांग, माझा चौदा."

मात्सुनागा-सान उठले आणि कमरेतून पूर्ण वाकले. आबाही वाकले, गुडघे परवानगी देतील तितके. दोघांच्या साठ-पासष्ट वर्षांच्या नोकरीत विलंबाचं असं कौतुक कोणी कधी केलं नसेल.

तेव्हापासून मी मंडळाच्या कपाटात, निळ्या फायलीत, दोन भोकं पाडून घेऊन राहतो आहे. भोकं पडताना थोडं लागलं. एक बरोबर त्या चौतीस वर्षंवाल्याच्या नावावर पडलं. सोबत शुद्धिपत्र आहे, दोन शिक्के आहेत आणि एक अंगठा आहे. अर्जदार बारा एप्रिलला सांगलीस रवाना झाले. तिसऱ्या जिन्याचे जुने प्रतिनिधी निर्णय होईपर्यंत पदावर कायम आहेत आणि त्याबद्दल अत्यंत दुःखी आहेत. ओसाकावाले गृहस्थ मात्र अतिशय आनंदात आहेत. फोल्डर पाचव्या मजल्यावर जातो. तो द्यायला तन्वी कस्तुरीला पाठवते आणि कस्तुरी तासाभराने परतते. हुला नाचणाऱ्या महिलांनी शनिवारची वेळ घेतली आहे. त्या कुरकुर करत नाहीत, निदान तन्वीला ऐकू जाईल अशी.

ज्या कोणाच्या हाती ही फाईल येईल त्यांना माझी नम्र विनंती आहे. प्रकरण निकाली काढण्याची घाई करू नये. शंका असतील तर लेखी काढाव्यात. उत्तर सांगलीहून येईल, तीन प्रतींत येईल आणि त्याला वेळ लागेल.

कार्यकारिणीच्या जुलैच्या बैठकीत हा विषय सहाव्या क्रमांकावर होता. वेळेअभावी तो पुढे ढकलण्यात आला. वर्ग रविवारी दहा वाजता भरतो. पटावर अकरा मुलं आहेत. आजच्या तारखेस अर्ज विचाराधीन आहे.